जुन्या पीसीत ग्राफिक्स कार्ड टाकायचंय? मग कार्डचं नाव सगळ्यात शेवटी काढा

"जुना पीसी आहे, गेम खेळायचेत, कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" असं विचारणाऱ्या बहुतेकांनी कार्ड मनात आधीच ठरवलेलं असतं, यूट्यूबवर कुणाच्या तरी व्हिडिओत ते भारी चालताना बघितलेलं असतं, आता फक्त कोणीतरी "घे रे" म्हणायचं बाकी असतं. पण त्या व्हिडिओतल्या पीसीत कार्डच्या जोडीला नवा प्रोसेसर, दणकट एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) आणि हवेशीर कॅबिनेट असतं, आणि आपल्या टेबलाखाली असतो तो कुठल्यातरी ऑफिसातून रिटायर होऊन आलेला काळा डबा. जुन्या मशीनमध्ये कुठलं कार्ड चालेल हे त्या डब्यातले बाकीचे पार्टच ठरवतात. म्हणून इथे उलटं जाऊया, आधी डबा, मग कार्ड.

हवेत बोलणं नको म्हणून एकच मशीन उदाहरणाला धरतो. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, टॉवर मॉडेल, आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५-४५९०, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि ग्राफिक्स म्हणजे प्रोसेसरच्या आतच असलेलं एचडी ४६००. २०१३-१४ च्या सुमारास कंपन्यांनी असली मशीनं गठ्ठ्याने घेतली, काही वर्षांनी बदलली, आणि ती रिफर्बिश होऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला आणि ऑनलाईन विकायला आली. एचपीचं एलिटडेस्क ८०० जी१, लेनोव्होचं थिंकसेंटर एम९३पी ही पण त्याच पिढीतली. अभ्यासासाठी म्हणून घरात येतात आणि महिनाभरात त्यावर जीटीए चालेल का अशी विचारणा सुरू होते. तुमचा पीसी असेंबल केलेला असेल तर काही गोष्टी सोप्या होतील, त्या त्या ठिकाणी सांगतो.

आधी कार्ड करतं काय ते थोडक्यात. फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालवायचा तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवायला लागतो, आणि तोही उजेड, सावली, धूर, पाण्यातलं प्रतिबिंब असला सगळा हिशोब करून. एक फ्रेम बनवायला वेळ मिळतो १६.७ मिलिसेकंद. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी एखाददोन मुरलेले कारागीर करतात आणि अंगाचा रंग मारायला बरेच हात लागतात, तसं इथे प्रोसेसरमध्ये चार हुशार कोअर असतात आणि एनव्हिडिया कंपनीच्या जीटीएक्स १०५० टीआयसारख्या साध्या कार्डातसुद्धा ७६८ छोटे कोअर एकाच वेळी ठिपके रंगवत बसतात. शत्रू कुठे आहे, गोळी लागली का, गाडी कशाला धडकली, कुठल्या वस्तू काढायच्या, हे प्रोसेसर ठरवतो आणि कार्डला ऑर्डर देतो. म्हणजे कार्ड कितीही भारी आणलं तरी ऑर्डर ज्या स्पीडने येणार त्याच्यापुढे ते जाऊ शकत नाही, हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच हिशोबातून अजून एक गोष्ट निघते जी दुकानात कोणी विचारत नाही: तुमचा मॉनिटर कुठला आहे? घरात १३६६ बाय ७६८ चा जुना मॉनिटर असेल तर त्यावर १०,४९,०८८ ठिपके, फुल एचडीच्या साधारण निम्मे. तेवढ्यासाठी मोठं कार्ड घेणं म्हणजे पैसे वाया, छोटं कार्डही तिथे मस्त पळतं.

आता एसएमपीएस. खरं तर निम्मा लेख याच्यावरच लिहायला हवा कारण जुन्या पीसीत कार्ड टाकताना गडबड होते ती इथेच. मदरबोर्डवरच्या लांब स्लॉटमधून, ज्याला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात, कार्डला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याच्यापेक्षा जास्त लागणाऱ्या कार्डांना एसएमपीएसमधून वेगळी केबल जोडायला लागते, ६ पिनची केबल अजून ७५ वॅट देते, ८ पिनची १५० वॅट. आपल्या ऑप्टिप्लेक्स ९०२० टॉवरमधला एसएमपीएस आहे २९० वॅटचा आणि त्यात कार्डसाठी ६ पिन नाही, ८ पिन नाही, काहीच नाही. तो मशीन बनवणाऱ्यांनी ऑफिसच्या कामासाठी बनवलाय, त्यांचा काय दोष.

हिशोब सोपा आहे. प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालला की ८४ वॅट, मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क, पंखे मिळून ४०-५० धरा, त्यात ७५ वॅटचं कार्ड, बेरीज दोनशे-सव्वादोनशेच्या आत. २९० मध्ये आरामात बसतं. आता तिथे आरटीएक्स ३०६० बसवायचं ठरवलं, जे एकटंच १७० वॅट घेतं, तर बेरीज तीनशेच्या घरात गेली, आणि केबल नाही ते वेगळंच. मग लोक म्हणतात एसएमपीएस बदलू. असेंबल पीसीत हे दहा मिनिटांचं काम आहे, कारण तिथे मदरबोर्डला २४ पिनचा स्टँडर्ड कनेक्टर असतो. पण ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या मदरबोर्डवर २४ पिनच्या जागी डेलचा स्वतःचा ८ पिनचा कनेक्टर आहे, बाजारातला साधा एसएमपीएस थेट लागत नाही, २४ ते ८ पिनचा अ‍ॅडॉप्टर आणायला लागतो. एचपीच्या एलिटडेस्क ८०० जी१ मध्ये अजून वेगळा प्रकार आहे. गंमत म्हणजे डेलच्याच त्याआधीच्या ७०१० टॉवरमध्ये साधा २४ पिन आहे, त्यामुळे "माझ्या मित्राने डेलमध्ये बदलला, झाला" या वाक्यावर जाऊ नका, स्वतःचं मशीन उघडून बघा.

असेंबलवाल्यांनी फार खूश व्हायचं कारण नाही, तुमच्याकडे दुसरी अडचण आहे. जुन्या असेंबल पीसीत कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस असतो आणि त्यावर ४५० वॅट, ५०० वॅट असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ते वाचू नका. बाजूच्या स्टिकरवर छोटा तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते बघा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात. तिथे १६ अँपिअर असेल तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, बस एवढीच त्याची खरी ताकद, वर ४५० लिहिलेलं असलं तरी. आणि स्वस्तातला असेल तर तो आकडाही पूर्ण खरा असेलच याची हमी नाही.

इथेच एक जुगाड सांगतात, साटा पॉवरच्या (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) केबलवरून ६ पिन बनवणारा कन्व्हर्टर, शंभर-दोनशे रुपयात मिळतो. प्लीज हे करू नका. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, एकेक दीड अँपिअरची, म्हणजे सगळे मिळून साडेचार अँपिअर, ५४ वॅट. ६ पिन मागणार ७५ पर्यंत. जास्तीचा करंट त्या बारीक पिनांतून गेला की प्लॅस्टिक वितळतं, आधी वास येतो, मग पुढचं काय व्हायचं ते होतं. कार्डला केबल हवीय आणि एसएमपीएसमध्ये ती नाहीये, तर याचा अर्थ एवढाच की बनवणाऱ्याने तो एसएमपीएस त्या कामासाठी बनवलेला नाही.

तर ब्रँडेड ऑफिस मशीनसाठी पहिली चाळणी इथेच लागते: ७५ वॅटच्या आतलं, वेगळी केबल न लागणारं कार्ड. बाकी सगळं बाजूला. अजून एक बारीक गोष्ट, काही ब्रँडेड मशीनच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटची मर्यादा ७५ पेक्षा कमी दिलेली असू शकते, खास करून बारक्या मॉडेलमध्ये, त्यामुळे मॉडेल नंबर टाकून मॅन्युअल काढा आणि एकदा वाचा, कंटाळवाणं आहे पण फुकट आहे.

जागेचं फार लांबण लावत नाही. टेप घ्या, स्लॉटपासून पुढच्या हार्डडिस्कच्या जाळीपर्यंत किती मिलिमीटर आहे मोजा, कार्डची लांबी वेबसाईटवर दिलेली असते. कार्ड एका स्लॉटची जाडी घेतं की दोन, ते बघा. तुमचं मशीन टॉवर नसून ते आडवं-बारीक एसएफएफ असेल तर साधं कार्ड आत उभंच राहत नाही, अर्ध्या उंचीचं, लो प्रोफाईल कार्ड लागतं आणि बॉक्समध्ये छोटी पट्टी आहे ना हे विचारून घ्यायचं, सेकंड हॅन्डमध्ये ती पट्टी हमखास हरवलेली असते.

आणि मॉनिटरची केबल! जुना मॉनिटर निळ्या व्हीजीएवाला असेल तर आजच्या कार्डावर ते भोक नसतंच. एनव्हिडियाने १० सिरीजपासून अ‍ॅनालॉग सिग्नल काढूनच टाकला, त्यामुळे डीव्हीआयला लावायचा तो साधा प्लॅस्टिकचा अ‍ॅडॉप्टरही चालत नाही, एचडीएमआय ते व्हीजीए असा आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्यायला लागतो.

पुढचा मुद्दा थोडा टेक्निकल आहे पण पैसे इथे वाचतात. तो लांब स्लॉट दिसायला सगळीकडे सारखा असला तरी त्याच्या पिढ्या आहेत. दुसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरला, आय५-२४०० वगैरे, पीसीआय एक्सप्रेस २.० मिळतं, चौथ्या पिढीला ३.०. प्रत्येक पिढीत स्पीड साधारण दुप्पट होतो. शिवाय स्लॉटमध्ये १६ लेन, म्हणजे डेटा ये-जा करायचे रस्ते, असतात, पण कार्ड त्या सगळ्या वापरेलच असं नाही. जीटीएक्स १०५० टीआय आणि १६५० सगळ्या १६ वापरतात, आरटीएक्स ३०५० फक्त ८ वापरतं, आणि एएमडीचं आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी फक्त ४. नव्या मशीनमध्ये ४.० स्लॉट असल्यामुळे ४ लेनमध्येही भागतं. आपल्या ३.० च्या मशीनमध्ये ४ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ४ जीबी, आणि २.० मध्ये २ जीबी.

तर त्याने काय बिघडतं? कार्डावर स्वतःची मेमरी असते, व्हीरॅम. आरएक्स ६४०० वर ती ४ जीबी आहे आणि कार्ड ती सेकंदाला १२८ जीबीच्या स्पीडने वाचतं. गेमचे टेक्श्चर, म्हणजे भिंती, जमीन, कपडे यांच्यावर चढवलेली चित्रं, ४ जीबीत मावले तर सगळं छान. नाही मावले की उरलेला माल पीसीच्या साध्या रॅममध्ये ठेवला जातो आणि लागेल तेव्हा त्या स्लॉटमधून ओढून आणावा लागतो, म्हणजे १२८ वरून एकदम ४ वर. गेम चालताना अचानक अर्धा सेकंद अडकतो, कोपऱ्यावर वळलं की झटका बसतो, तो हाच प्रकार. म्हणून सरासरी एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा बघून खूश होऊ नका, सरासरी ५५ असताना पण खेळणं वैतागवाणं होऊ शकतं. जुन्या मशीनमध्ये आरएक्स ६४०० घ्यायचंच असेल तर टेक्श्चरची सेटिंग मीडियमला ठेवायची तयारी ठेवा, आणि दुसऱ्या पिढीच्या मशीनमध्ये तर घेऊच नका असं माझं स्पष्ट मत.

आणि एक फसवणूक, कायदेशीर असली तरी फसवणूकच. जीटी ७३० नावाचं कार्ड बॉक्सवर "४ जीबी" लिहून नवंकोरं विकायला असतं आणि आईवडिलांना वाटतं ४ जीबी म्हणजे भारी. मेमरी किती याच्याइतकंच ती किती वेगाने वाचता येते हे महत्त्वाचं, आणि जीटी ७३० च्या ६४ बिट डीडीआर३ मॉडेलचा स्पीड आहे सेकंदाला १४.४ जीबी. जीटीएक्स १०५० टीआयचाही आकडा ४ जीबीच, पण स्पीड ११२. जीटी १०३० चं पण तसंच, एकाच नावाखाली दोन कार्डं, जीडीडीआर५ वालं ४८ चं आणि डीडीआर४ वालं १६.८ चं, बॉक्स जवळपास सारखा. जीटी ७१०, ७३० ही कार्डं जास्तीचा मॉनिटर जोडायला ठीक आहेत, गेमिंगसाठी यांच्यावर पाचशे रुपयेही घालू नका.

आता प्रोसेसर. आय५-४५९० मध्ये चार कोअर, चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चार कामं. २०१४ मध्ये हे चांगलं होतं, आजचे बरेच गेम सहा-आठ थ्रेड धरून लिहिलेले असतात. काउंटर-स्ट्राईक २, व्हॅलोरंट असले गेम तर प्रोसेसरवरच जास्त अवलंबून, तिथे मोठं कार्ड टाकून फरक कमी पडतो. कार्ड विकत न घेता याचा अंदाज घ्यायची एक युक्ती आहे: आत्ता आहे त्या ऑनबोर्ड ग्राफिक्सवर गेम सगळ्यात खालच्या सेटिंगला आणि जमेल तितक्या कमी रिझोल्यूशनला चालवा, एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्राम लावून एफपीएस आणि प्रोसेसरच्या चारही कोअरचा वापर स्क्रीनवर दिसेल असं करा. चित्र घाणेरडं दिसेल, दिसू दे. रिझोल्यूशन खाली आणत गेलं तसे एफपीएस वाढत गेले तर अडचण ग्राफिक्सची आहे, कार्डने फायदा होणार. एका जागी येऊन एफपीएस वाढायचे थांबले आणि चारही कोअर नव्वदच्या पुढे दिसायला लागले, तर तो साधारण तुमच्या प्रोसेसरचा शेवट, कार्ड कुठलंही आणा त्याच्या फार वर जाणार नाही. सिंगल प्लेयर गेममध्ये ५५-६० वर थांबलं तर काहीच हरकत नाही.

तो शेवट फारच खाली असेल तर त्याच सॉकेटमध्ये बसणारा आय७-४७७० किंवा ४७९० सेकंड हॅन्ड मिळतो, कोअर चारच पण थ्रेड आठ, आणि झटके बऱ्यापैकी कमी होतात. पण त्याच्याही आधी रॅम बघा. बऱ्याच रिफर्बिश मशीनमध्ये ८ जीबीची एकच कांडी घातलेली असते. तशीच दुसरी घातली की १६ जीबी होते आणि दोन चॅनलने चालते, मेमरीचा स्पीड कागदावर दुप्पट, आणि डीडीआर३ च्या जुन्या कांड्या कुठेही मिळतात. कधीकधी एवढ्यानेच माणूस कार्डचा विषय सहा महिने पुढे ढकलतो.

एवढ्या चाळण्या लावून आपल्या ९०२० टॉवरसाठी काय उरलं? सगळ्यात वर आरटीएक्स ३०५०, पण नीट ऐका, ६ जीबीवालं. हे फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, ७० वॅट, वेगळी केबल नाही. ८ जीबीवालं ३०५० हे वेगळं, जास्त ताकदीचं कार्ड आहे, १३० वॅट घेतं आणि त्याला केबल लागते, नाव सारखं ठेवून एनव्हिडियाने गोंधळ करून ठेवलाय. ६ जीबीवाल्यात डीएलएसएस पण चालतं, म्हणजे गेम कमी रिझोल्यूशनला बनवून कार्ड तो मोठा करून दाखवतं आणि फरक पटकन कळत नाही, जुन्या मशीनला हा मोठा आधार आहे. त्याच्या खाली जीटीएक्स १६५०, एप्रिल २०१९ चं, ४ जीबी, आजही व्हॅलोरंट, जीटीए ५ वगैरेला पुरेसं, फक्त याच्या काही कंपन्यांच्या मॉडेलला ६ पिन असते, फोटो बघून घ्या. डीएलएसएस यात नाही, पण त्याच धर्तीचं एएमडीचं एफएसआर ज्या गेममध्ये आहे तिथे ते या कार्डावरही चालतं. एसएफएफ डब्यासाठी लो प्रोफाईल ३०५० ६ जीबी किंवा १६५० शोधा, आरएक्स ६४०० चं बरं हेच की ते ५३ वॅटमध्ये भागवतं.

इंटेलच्या आर्क कार्डांचे भाव बघून मोह होतो, बी५८० वर तर १२ जीबी मेमरी आहे. पण आर्कला रिसायझेबल बार नावाची सोय (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी) मदरबोर्डमध्ये लागते, ती नसली की परफॉर्मन्स धाडकन पडतो, आणि इंटेल स्वतःच त्यासाठी दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगतं. आपल्या चौथ्या पिढीवाल्याने त्या वाटेला जाऊ नये.

१०५० टीआयचं काय? इतकी वर्षं हेच उत्तर होतं, २०१६ चं कार्ड, ७५ वॅट, गरीब गेमरचा आधार. पण एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे ७५० टीआय, ९०० सिरीज आणि १०५० टीआयसकट सगळी १० सिरीज, यांचे गेमसाठीचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटीचे अपडेट. आज घरात असलेलं कार्ड त्यामुळे बंद पडणार नाही, जुने गेम आहेत तसे चालतील, पण आज पैसे देऊन विकत घेताना १६५० आणि त्यात फार फरक नसेल तर १६५० घ्या. आणि नवे मोठे गेम खेळायचं स्वप्न असेल तर हेही माहीत असू द्या की इंडियाना जोन्सचा डिसेंबर २०२४ चा गेम आणि २०२५ चा डूम यांना हार्डवेअर रे ट्रेसिंग (उजेडाच्या किरणांचा हिशोब करायची कार्डातली खास सोय) लागतंच, म्हणजे जीटीएक्सवाल्यांना दार बंद.

विंडोजचंही बघायला लागतं. चौथी पिढी विंडोज ११ च्या यादीत नाही, तिथे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज १० वर आरटीएक्स कार्डांचे नवे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ असं एनव्हिडियाने जाहीर केलं. काही जण जुगाड करून विंडोज ११ टाकतात, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात, नसेल तर गेम उघडतच नाही. कार्डाचा काहीच दोष नसतो आणि शिव्या कार्डाला बसतात. ज्याला फक्त व्हॅलोरंट खेळायचंय त्याने या वयाच्या मशीनवर मोठा खर्च करायच्या आधी थांबून विचार करावा.

सेकंड हॅन्ड घेताना मात्र डोळे उघडे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डं दिवसरात्र चालवून नाणी मिळवणं) बंद झालं आणि त्यातली ढिगाने कार्डं बाजारात आली, त्यातली आरएक्स ५७०, ५८० अजून फिरतायत. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पण पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असतात. आरएक्स ५८० घेताना "२०४८ एसपी" लिहिलंय का बघा, ते खरं ५८० नाही, त्यात २३०४ च्या जागी २०४८ कोअर आहेत, म्हणजे ते जवळपास ५७० च. आणि ही दोन्ही कार्डं दीडशे वॅट आणि त्यापुढची, आपल्या ऑप्टिप्लेक्सच्या कामाची नाहीत, असेंबलवाल्यांसाठी सांगितलं. पी१०६ नावाचं काही फार स्वस्तात दिसलं तर त्याला मॉनिटरचं पोर्टच नसतं, ते मायनिंगसाठीच बनवलेलं आहे.

नकली कार्डं पण असतात. जीटीएस ४५० सारख्या अतिजुन्या चिपचं बायोस (कार्डातलं आतलं सॉफ्टवेअर) बदलून त्याला १०५० टीआय म्हणून खपवतात, विंडोजमध्ये नाव पण बरोबर दिसतं. जीपीयू-झी नावाचा छोटा फुकट प्रोग्राम पेन ड्राईव्हमध्ये घेऊन जा, तो चिप ओळखतो आणि नावापुढे सरळ फेक असं दाखवतो. विकणाऱ्याच्या समोर पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डवर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) किंवा एखादा गेम चालवा, स्क्रीनवर रंगीत ठिपके, पट्टे येतायत का बघा, पंखा घरघरतो का ऐका, प्रत्येक पोर्टला केबल लावून बघा. मुंबई-कोकणातलं कार्ड असेल तर पोर्टच्या धातूवर आणि स्क्रूवर गंज बघा, खारी हवा कुणाला सोडत नाही. काही मेलेली कार्डं हीट गनने गरम करून पुन्हा जिवंत करतात आणि ती पाच-सहा आठवडे चालतात, त्यामुळे "फक्त टेस्टिंग वॉरंटी" म्हणणाऱ्याकडून महागातलं काही घेऊ नका. बिल आणि सिरीयल नंबरचा स्टिकर असेल तर थोडे जास्त पैसे देणं परवडतं.

बसवणं हे सगळ्यात सोपं. जुना ड्रायव्हर काढा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक जाईल, मागची पट्टी काढा, कार्ड सरळ दाबा, टक असा आवाज आला की स्क्रू. उघडलंच आहे तर ब्लोअरने धूळ काढा आणि प्रोसेसरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदला, आय५ गरम होऊन स्लो पडत असेल तर कार्डाचे पैसे तिथेच वाया जातात. आणि मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमध्ये लावायची, मदरबोर्डच्या नाही. हसू नका, "कार्ड टाकलं पण काहीच फरक नाही" किंवा "स्क्रीन काळी" यातल्या कितीतरी तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

शेवटचं, यूपीएस आणि उन्हाळा. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, ७५ वॅटच्या कार्डासकट पीसी आणि मॉनिटर त्यावर चालतो, पण लाईट गेल्यावर गेम संपवायला वेळ मिळेल ही आशा सोडा, सेव्ह करून बंद करण्यापुरतीच बॅटरी टिकते. मे महिन्यात खोलीच ३८ डिग्री असेल तर कार्ड ८०-८५ च्या आसपास जाऊन स्वतःच स्पीड कमी करतं. त्यावर सोपा इलाज म्हणजे मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे ना, मग ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेटची मर्यादा ६० टाकून द्या, मॉनिटर दाखवूच शकत नाही अशा फ्रेम बनवत कार्ड फुकट तापणार नाही आणि पंख्याचा आवाज पण लगेच खाली येतो.